उंबरठ्याचा दगड

"क्षती, अक्षमता आणि अडथळा, या तिन्हींत फरक काय, एवढं तरी ठाऊक आहे का तुम्हाला, बुवा?"

विश्वंभर शहरातून विशेष शिक्षणाची पदवी घेऊन नुकताच मठात परतला होता. मठाच्या याच शाळेत निरंजनबुवांनी त्याचा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं. आता स्वारी बुवांचीच परीक्षा घेत होती.

"तूच सांग," बुवा म्हणाले.

"शरीरात उणं असतं ती क्षती. त्यामुळे जे जमत नाही ती अक्षमता. आणि माणूस जिथे अडतो, तो अडथळा."

दाराबाहेर चाकांच्या खुर्चीत बसून सुगंधा हे ऐकत होती. तिला इथेच शिकायचं होतं. विश्वंभरचं म्हणणं, पोरीला तालुक्याच्या वेगळ्या शाळेत धाडावं.

"मग ही कुठे अडते? बोट दाखव."

विश्वंभरने तिच्या पायांकडे बोट केलं.

सुगंधा अशी भडकली की तिने खुर्ची जोरात पुढे रेटली. चाक दगडी उंबरठ्यावर आदळलं. ती मागे सरली आणि पुन्हा आदळली.

"अगं, थांब!" विश्वंभर उंबरठा सहज ओलांडून बाहेर धावला. "आम्ही उचलून घेऊ ना तुला रोज."

"हात लावायचा नाही! मी काय ज्वारीचं पोतं आहे?"

...

बुवांनी कोपऱ्यातली पहार उचलली आणि दारातून विश्वंभरच्या हातात दिली.

"बुवा! तुमच्या गुरूंनी बसवलेला उंबरठा हा. रोज हळदकुंकू वाहतो आपण. लोक काय म्हणतील?"

"तू घालतोस घाव, की मी घालू?"

म्हाताऱ्याला पहार परत द्यायची त्याला लाज वाटली. पहिला घाव त्याने घाबरत घातला. सुगंधा डोळे रोखून बघत होती. मग मात्र त्याला त्या दगडाचाच राग आला.

दगड उखडला. खड्ड्यात माती लोटून त्याने ती पायांनी चोपून सपाट केली.

सुगंधा कुणाचीही वाट न बघता आत गेली.

विश्वंभर घामाघूम होऊन बाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकायचं त्याला धाडस होईना.

"बुवा... समावेशन म्हणतात, ते हेच का?"

बुवांनी मागे वळून पाहिलं.

"सुगंधे, ह्यालाही आत घे."