याला खरा गळा कळतो

भिशीच्या दिवशी बायकांना गाता यावं म्हणून कुमुदताईंनी स्वस्तातला कराओके स्पीकर बघून ठेवला होता. तेवढ्यात जावई विश्वंभरराव स्वतःचं महागडं यंत्र दाखवायला घेऊन आले.

"आई, घ्यायचं तर हेच! गाणं संपलं की मार्क देतं. मला पंच्याण्णव पडले. याला खरा गळा कळतो!"

आता जावयाला नाही कोण म्हणणार?

कुमुदताईंनी गाणं लावलं, बिनवायरचा माइक उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन कुकरसमोर धरला. चार शिट्ट्या झाल्या. गाणं संपलं, पडद्यावर आकडा आला: अठ्ठ्याण्णव.

विश्वंभररावांचा चेहरा पडला.

"आम्हाला आपला मार्क न देणारा स्वस्तातलाच बरा," कुमुदताई म्हणाल्या. "आणि जावईबापू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमचा कुकर रोज रियाज करतो!"