मोरपिसांचा कोपरा

फार पूर्वी, माणसं अजून उघड्यावर राहायची आणि उंदरांची घरं मात्र विकली जायची, तेव्हाची ही गोष्ट.

टुणक्या उंदराला आपलं बीळ विकायचं होतं. छताला भेग पडल्यामुळे एका कोपऱ्यात ओल यायची. मूठभर चिकणमाती लिंपली असती तर काम झालं असतं, पण टुणक्याला हात मळवायचा कंटाळा. त्याने ओलीवर मोरपिसं अंथरली आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश झाला.

घर बघायला चिचुंद्रीबाई आल्या. त्यांना धड दिसत नसे, पण नाक भारी तिखट. पिसांजवळ त्या जरा थबकल्या, हुंगून पाहिलं आणि पुढे गेल्या.

"घर पसंत आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आता तेवढा रिवाज उरकून घेऊ."

रिवाज असा, की सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याने त्याच घरात एक झोप काढायची, आणि कुठे झोपायचं ते घेणाऱ्याने सांगायचं.

"तुम्ही या पिसांवर पडा," चिचुंद्रीबाई म्हणाल्या. "एवढी मऊ जागा मालकालाच शोभते."

टुणक्याने पिसांकडे पाहिलं, मग आपल्या कोरड्या शेपटीकडे.

"बाई, घटकाभर बसा," तो म्हणाला. "मी जरा चिकणमाती घेऊन येतो."