मनगटावरचा धागा

बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. फार जुनी गोष्ट आहे. डोंगराला तेव्हा धड पायवाट नव्हती आणि अख्ख्या गावाला एकच कडा पोसत होता.

त्या कड्याला आग्या माश्यांची मोठमोठी पोळी लागत. मध काढणारा दोराला लोंबकळत खाली उतरायचा आणि वर दोर धरायचं त्याचं लेकरू. दुसऱ्या कुणाच्या हाती जीव द्यायचा नाही, अशी गावाची रीतच होती. बारशाला बाप त्याच दोराचा धागा काढून बाळाच्या मनगटाला बांधी. धागा बांधला की बापानं लेकराला पोसायचं आणि लेकरानं मोठेपणी बापाचा दोर धरायचा.

येसबाचा दोर त्याची लेक सगुणा धरी. पोरगी मोठी खमकी. एकदा दोर घसरला, तिचे तळवे सोलून निघाले, पण तिनं दोर काही सोडला नाही.

पुढं येसबाची बायको आजारी पडली. जाताना म्हणाली, "धनी, सगुणा तुमच्या रक्ताची नाही. लग्नाआधीच ती माझ्या पोटात होती. मला माफ करा."

येसबाचं डोकंच फिरलं. दिवसकार्य उरकताच तो सगुणाला घेऊन गावच्या जाणत्या आजोबांकडे गेला.

"दुसऱ्याचं पोर मी का पोसू? माझा हक्क मला द्या!"

"हक्क आहे तुझा," आजोबा म्हणाले. "फसवलेल्या बापाला धागा तोडता येतो. पण मग तिच्यावरही तुझं बंधन उरत नाही. आणि तोडणं बापाच्या हाती असलं, तरी पुन्हा बांधून घ्यायचं की नाही, ते लेकरानं ठरवायचं. चार दिवस थांब रे."

थांबेल तर तो येसबा कसला! त्यानं कमरेचा कोयता काढला आणि धागा कापून टाकला.

सगुणानं आपले तळवे पुढे केले. "बाबा, त्या दिवशी दोर धरला, तेव्हा हे हात कुणाचे होते?"

येसबा तोंड फिरवून चालता झाला. अहो, तेव्हा नुसता मागं वळला असता तरी पुरे होतं!

सगुणा आजोबांच्या ओसरीवर राहिली आणि रोज त्याची वाट बघत बसली. येसबाचा राग महिन्याभरात उतरला, ताठा मात्र उतरेना. वर्ष सरलं. मग राघोजी नावाच्या, मूलबाळ नसलेल्या मध काढणाऱ्यानं तिला विचारलं आणि रीतसर धागा बांधून घरी नेलं.

हंगाम आला. येसबा दोर घेऊन कड्यावर उभा राहिला, पण तो धरायला कुणीच नव्हतं. तिथंच बसून तो ढसाढसा रडला. मग दोराचा एक धागा काढून त्यानं राघोजीचं घर गाठलं.

"सगुणे, चुकलो गं मी. तू कुणाच्या रक्ताची, याचं मला आता काही नाही. हात पुढे कर."

सगुणाचे डोळे भरून आले. "बसा काका, पाणी आणते," ती म्हणाली. "वर्षभर उघडं मनगट घेऊन तुमच्या वाटेकडे डोळे लावले होते मी. आता या बाबांचा दोर माझ्या हातात आहे. आणि एकदा धरलेला दोर सोडायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलंत मला."

येसबा पाणी प्यायला आणि उठला. त्यानंतर तो कधीच मध काढायला दोरावर उतरला नाही. कड्यावर सगुणा दोर धरायची, तेव्हा लांब उभा राहून तो बघत राही. तिच्या तोंडचं ते 'काका' त्याला मरेपर्यंत सलत राहिलं.

तात्पर्य : नातं हक्कानं तोडता येतं, पण ते हक्कानं परत मागता येत नाही.