कुरणवाडीचं रिकामं जोतं

कुरणवाडीच्या माळावर काळ्या दगडाचं एक लांबरुंद जोतं आहे. इथलं देऊळ पडलं असावं, असं पाहुण्यांना वाटतं. गावचे नारबातात्या मान हलवतात. "देऊळ नव्हे, कॉलेज. पण ते कधी उभंच राहिलं नाही."

गोष्ट त्यांच्या आजीच्या वेळची. गावात अनसूया नावाची सुईण होती. तिची लेक मंजुळा मॅट्रिक झाली. पंचक्रोशीतली पहिलीच मुलगी. पुढे शिकायला जवळपास कुठे सोय नव्हती. अशात शहरातल्या एका संस्थेचे चिटणीस आले. म्हणाले, "या माळावर कॉलेज काढू. लोकांनी हातभार लावावा."

पहिला वर्ग भरेपर्यंत एक वेळच जेवायचं, असा अनसूयेने नेम धरला म्हणे. बारा गावं ती पायी हिंडली. घरोघरी तिच्याच हातून सुटलेल्या बाळंतिणी. "तुझं लेकरू मी जगात आणलं, बाई. आता त्याला शिकायला जागा दे," एवढंच ती म्हणे. बायकांनी पायातले चांदीचे वाळे उतरवून तिच्या ओटीत टाकले.

जोतं बांधून झालं. तेवढ्यात नदीपलीकडच्या तालुक्याच्या गावी एका व्यापाऱ्याने संस्थेला तयार इमारत देऊ केली, वडिलांचं नाव द्यायच्या अटीवर. कॉलेज तिकडे गेलं.

अनसूया नदी उतरून चिटणिसांकडे गेली. "पावसाळ्यात आमच्या पोरी नदी ओलांडून कशा यायच्या?"

"कॉलेज झालं ना, बाई? दिलेलं दान परत मागू नये."

"वाळे नकोत साहेब. माळावर वर्ग भरवा."

ते पुन्हा कागदांत डोकं घालून बसले.

गावात तिला कुणी बोल लावला नाही. तेच तिला सोसेना. त्याच वैशाखात मंजुळेचं लग्न लागलं. पुढे कुणी अडली की अनसूया धावत जाई, पण बाईच्या उघड्या घोट्यांवर नजर पडली की ती तोंड फिरवी. शेवटी तिने सुईणपण सोडलं. नेम तेवढा मरेपर्यंत चालला, असं सांगतात.

आजही एखाद्या शिक्षणसंस्थेची माणसं पावतीपुस्तक घेऊन कुरणवाडीत आली, तर बाया त्यांना ओसरीवर बसवतात, गूळपाणी देतात. मग आत जातात, आणि ती माणसं उठून जाईपर्यंत कुणीही बाहेर येत नाही.