आभाळाचा अभिषेक

एकदा एका मूर्तिकाराच्या शिष्याने आपली छिन्नी-हातोडी नदीत फेकून द्यायचे ठरवले. कारणही तसेच होते. त्याने घडवलेली संगमरवरी देवी टेकडीवर उघड्यावर विराजमान होती. तिला विहिरीचे पाणी चालत नसे. आभाळातून पडेल त्याच पाण्याचा अभिषेक, असा गावाचा नेम. आणि काही वर्षांतच देवीचे नाक बोथट झाले, ओठांवरचे हसू पुसट झाले. गाव म्हणे, कच्च्या हाताचे काम!

तो वृद्ध गुरूंपाशी आला. "गुरुजी, माझा हातच खोटा. आज्ञा द्या, मी जातो."

गुरूंनी चिमूटभर गंधक पेटवला आणि त्यावर ओले मडके पालथे घातले. शिष्याला ठसका लागला. थोड्या वेळाने गुरूंनी ते मडके पाण्याने विसळले आणि ते पाणी संगमरवराच्या भुकटीवर ओतले. भुकटीतून बारीक बुडबुडे उठू लागले. शिष्य डोळे विस्फारून बघत राहिला. दगड विरघळत होता!

"डोंगरापलीकडे शेठजी भट्टीत तांबे गाळतात ना?" गुरू म्हणाले. "तांब्याच्या खनिजात हाच गंधक असतो. गावाला त्रास नको म्हणून त्यांनी धुराडे उंच बांधले, आपण त्यांचे कौतुक केले. धूर वर गेला म्हणजे संपला, असे वाटले आपल्याला. अरे, तो ढगांत मुरला, त्याचे आम्ल झाले आणि वाऱ्याबरोबर डोंगर ओलांडून थेंबाथेंबातून खाली उतरला. तुझा हात पक्का आहे. अभिषेकाचे पाणीच तसे होते."

शिष्याने मान वर केली. आभाळ रोजचेच, पण आज त्याच्या अंगावर काटा आला. केवढे अफाट, आणि तरी एका भट्टीचा धूरसुद्धा त्यात हरवत नाही!

दोघांनी शेठजींना टेकडीवर आणले, सारे समजावले. शेठजी भला माणूस, फार हळहळले. "नवी मूर्ती घडवा. दगड मी देतो."

तेवढ्यात पाऊस आला. शेठजींनी छत्री उघडली.

"घडवीन, शेठजी," शिष्य म्हणाला. "पण तिच्यावरही हाच पाऊस पडणार."

शेठजी त्या झिजलेल्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपली छत्री देवीच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले. पाऊस ओसरल्यावर ते थेट भट्टीकडे गेले.

त्या संध्याकाळी डोंगरापलीकडे धूर दिसला नाही. शिष्याने छिन्नीला धार लावायला घेतली.