ओल्या हाताची डोणी

या डोणीची गोष्ट माझ्यासारखी सांगणारा पंचक्रोशीत दुसरा कोणी नाही. होता एक, तो गेल्या वर्षी वारला, आणि खरं सांगायचं तर त्याची जास्त चांगली होती. तरी आलाच आहात तर ऐका.

कोंडसरच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढायच्या अलीकडे, लोहाराच्या भट्टीशेजारी ही पाण्याची दगडी डोणी आहे. दोन हात लांब, आतून शेवाळलेली. तुम्ही शहरातली मंडळी रानात जायचं म्हणून कोयता घ्यायला येता, पात्याची चमक बघता, धारेवर अंगठा फिरवता आणि फोटो काढता. इथे तसं चालत नाही. आधी डोणीत हात बुडवायचे, ओल्या हाताने कोयता धरायचा, आणि रानात जो सोबत येणार त्याने तो ओढून बघायचा. निसटला तर कोयता परत खुंटीला.

याचं कारण असं सांगतात. फार पूर्वी इथे सुभाना लोहार होता. त्याच्या हाताला गुण होता, आणि त्याला तो पुरेपूर ठाऊकही होता. स्वतःसाठी त्याने एक कोयता घडवला. हातभर लांब, टोकाकडे जड, आणि शिसवी मूठ तेल पाजून अशी घोटलेली की तीत मिशी दिसावी. त्याची बायको येसू. तिच्याकडे दीड वितीची जुनी कोयती होती, मुठीला अंबाडीची दोरी गुंडाळलेली. सुभाना हसायचा.

"ही घेऊन रानात जाऊ नकोस, माकडं नावं ठेवतील."

"माकडांचं मी बघते. तुम्ही तुमची मिशी बघा."

एका श्रावणात दोघं तान्ह्या लेकीला घेऊन येसूच्या माहेराहून सड्यावरून परतत होती. पुढे दरड कोसळून वाट गेली, मागे ओढ्याला पूर आला. कारवीच्या रानात तिघं अडकली. पाऊस काही थांबेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पोर रडायची थांबली, ओठ निळे पडले. आता विस्तव हवा होता, आणि विस्तवाला कोरडं लाकूड. सुभानाला ऐनाचं एक उभं वाळलेलं खोड दिसलं. बाहेरून चिंब, पण गाभा कोरडा असणार. त्याने कोयता उगारला. पहिल्याच घावाला ती घोटीव मूठ ओल्या हातातून सुटली आणि कोयता गरगरत दरीत गेला. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही म्हणे.

सुभाना रिकाम्या हाताकडे बघत राहिला. येसूने पोर त्याच्या छातीशी दिली, कमरेची कोयती काढली आणि खोडावर घाव घालायला लागली. दोरी भिजून फुगली होती, तळव्याला धरून बसली होती. येसूने साल उडवली, गाभ्याच्या ढलप्या काढल्या, कारवी तोडून आडोसा केला. सुभानाच्या बटव्यातली चकमक तेवढी कोरडी राहिली होती. जाळ धरला. तिन्हीसांजेला पोर पुन्हा रडली, आणि ते ऐकून बापही रडला.

गावात पोचल्यावर सुभानाने शपथ घेतली, ओल्या हातात टिकणार नाही तो कोयता माझ्या भट्टीबाहेर जाणार नाही. मग छिन्नी घेऊन स्वतः ही डोणी खोदली.

आजही रानातून सुखरूप परतलेलं माणूस घरी जायच्या आधी इथे थांबतं आणि ओंजळभर पाणी कोयत्यावर सोडतं. पात्यावर नव्हे, मुठीवर. आमचं गाव थट्टेखोर, मयताच्या घरीसुद्धा कुणाची टोपी लपवतील, पण तेवढा वेळ इथे कोणी बोलत नाही.

डोणी पुरी झाली त्या दिवशी सुभाना म्हणे येसूपुढे हात जोडून उभा राहिला. "तुझ्या कोयतीने माझी लेक मला परत दिली. काय देऊ तुला, माग."

येसू डोणीत कोयती धूत होती. मान वर न करता म्हणाली, "तीन पावसाळे मागतेच आहे. हिची मूठ मोडलीय, नवी बसवून द्या. दोरी काय मी हौसेने गुंडाळली होती?"