डब्यांची पंगत

ऐका मंडळी, पार जुन्या काळातली गोष्ट. तेव्हा माणसाच्या सावलीनंसुद्धा माणूस विटाळायचा, म्हणजे बघा!

एका नगरात शिवशरणांनी, म्हणजे जातपात सोडून शिवाला शरण गेलेल्या भक्तांनी, मठ उभारला. जो इष्टलिंग, म्हणजे पूजेचं छोटं शिवलिंग, गळ्यात बांधील आणि कष्टाचं खाईल, त्यानं इथल्या पंगतीला बसावं, असा तिथला नेम. कातडी कमावणारी निंगव्वा हे ऐकून गेली आणि लिंग बांधून आली.

तिच्या आळीतले लोक म्हणाले, "निंगे, सणाच्या पंगतीला तुला खरंच बसवलं, तर आम्हीही येऊ. हाकललं, तर पुन्हा त्या मठाचं नाव काढू नको."

सणाला आळी मठाच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली. निंगव्वा एकटीच आत गेली.

आणि व्हायचं तेच झालं. नुकताच शरण झालेला एक व्यापारी पुढे आला. त्याचं लिंग सोन्याच्या डबीत. "लिंग सगळ्यांचंच आहे, नाही कोण म्हणतं? पण सोन्याची डबी पुढे, चांदीची मागे, चिंधीवाले दाराबाहेर. काही रीतभात नको?"

जात टाकली हो, पण खोड कुठं जाते! चारचौघांनी माना डोलावल्या. निंगव्वेचं लिंग फडक्यात बांधलेलं. कुंपणाशी उभ्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं पाठ फिरवली.

निंगव्वेला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. ती मठाच्या स्वामींना म्हणाली, "अप्पा, जेवणाआधी पूजा करायची ती डबीची, की लिंगाची?"

"लिंगाची, अक्का. बाहेर काढून, तळहातावर घेऊन."

"मग डब्यांना बसू द्या की मानानं. आम्ही लिंग घेऊन बसतो, जागा मिळेल तिथं."

स्वामी पोट धरून हसले. त्यांनी डब्यांसाठी वेगळा पाट मांडला. आधी सोन्याची, मग चांदीची, शेवटी फडकी, अगदी रीतीप्रमाणे. माणसं मात्र येतील तशी बसली. प्रत्येकाच्या डाव्या तळहातावर तेच काळं लिंग. व्यापारी बराच वेळ जागा शोधत राहिला, पण मोकळी होती ती निंगव्वेशेजारीच. भुकेपुढं त्याचा तोरा टिकला नाही. तो बसला.

निंगव्वेनं कुंपणाकडे हाक दिली, "या रे, जागा आहे."

अख्खी आळी आत आली. स्वामींनी एकेकाला लिंग बांधलं. म्हातारा व्यापाऱ्याजवळ गेला आणि म्हणाला, "सरका जरा, शेट."

व्यापारी सरकला.

देव एक म्हणणाऱ्यानं पंगतही एकच मांडावी.